राज्यशास्त्राची पदवी आणि घरचा हिशेब

बारावीचा निकाल लागला की आमच्या गटांच्या बैठकांमध्ये एक विषय हमखास निघतो. बचत गोळा होते, वहीवर सह्या होतात आणि उठता उठता कुणीतरी विचारतं, "ताई, पोरगी बी.ए. करायचं म्हणतीय, राज्यशास्त्र घेऊन. त्यातून पुढं काय मिळतं? आणि त्यासाठी कर्ज काढावं का?"

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला कमाईचा आणि दुसरा कर्जाचा. घरात मात्र दोन्हीचा गुंता होतो. कुणी म्हणतं, "शिक्षणाला पैसा बघायचा नसतो," आणि शेत गहाण टाकतं. कुणी म्हणतं, "राज्यशास्त्र शिकून काय आमदार होणारे का?" आणि पोरीचं शिक्षणच थांबवतं. दोन्ही घरांत वहीवर हिशेब कुणीच मांडलेला नसतो. आज तो आपण मांडू. जवळ कागद-पेन असेल तर घ्या.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. राज्यशास्त्राची पदवी जरूर करावी, पण मोठं कर्ज काढून करू नये. ही पदवी थोड्या पैशांत होऊ शकते. कर्ज काढायची वेळ आलीच, तर ते पदवीच्या पुढच्या पायरीसाठी राखून ठेवावं. असं का, ते आता पाहू.

या विषयात शिकवतात काय?

राज्यशास्त्र म्हणजे पुढारी व्हायचं शिक्षण नव्हे. राज्यघटना काय सांगते, संसद आणि विधानसभा कशी चालते, न्यायालयाचे अधिकार कोणते, निवडणुका कशा होतात, प्रशासन कसं चालतं आणि आपल्या देशाचे इतर देशांशी संबंध कसे आहेत, हे सगळं त्यात येतं. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदही त्यात येते.

हे शिक्षण गावात कामाचं आहे. १९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतीत बायांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११पासून त्या निम्म्या झाल्या. म्हणजे गावच्या कारभारात निम्म्या खुर्च्या आपल्या आहेत. पण खुर्चीवर बाई आणि कारभार नवऱ्याचा, हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. ग्रामसभेचा ठराव कसा वाचायचा, माहितीचा अधिकार कसा वापरायचा, पंचायतीच्या अंदाजपत्रकात महिला आणि बालकल्याणाचे पैसे कुठे लिहिलेले असतात, हे कळणारी पोरगी घरात असली तर ते घरच काय, गावही शहाणं होतं.

पण सख्यांनो, शहाणपणानं बँकेचा हप्ता फिटत नाही. हप्त्याला रोख पैसा लागतो. म्हणून शिक्षणाची किंमत आणि शिक्षणाची कमाई हे हिशेब दोन वेगळ्या पानांवर लिहायचे. पहिल्या पानावर "हे शिकून माणूस म्हणून काय मिळेल?" हे लिहा. दुसऱ्या पानावर "हे शिकून महिन्याला किती येतील आणि कधीपासून?" हे लिहा. पहिलं पान भरगच्च आहे म्हणून दुसऱ्याकडे डोळेझाक करू नका. आणि दुसरं पान रिकामं दिसतंय म्हणून पहिलं फाडून टाकू नका.

पदवी हातात आली, आता कमाई कुठे?

नर्सिंग शिकलेली मुलगी नर्स होते. राज्यशास्त्र शिकलेल्या मुलीसाठी त्याच नावाची नोकरी नसते. ही पदवी म्हणजे घरात शिरायचा दरवाजा नाही, अंगणात यायचं फाटक आहे. अंगणातून पुढं चार-पाच दरवाजे आहेत, आणि प्रत्येक दरवाजाला आणखी काहीतरी लागतं.

पहिला दरवाजा शिक्षिकेचा. त्यासाठी बी.ए.नंतर दोन वर्षांचं बी.एड. करावं लागतं. मग पात्रतेच्या आणि अभियोग्यतेच्या परीक्षा आणि पवित्र पोर्टलवरची भरती. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. २०२३पासून हे मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयाला २०,००० रुपये झालं. त्यानंतर पूर्ण वेतनश्रेणी मिळते.

दुसरा दरवाजा कॉलेजात शिकवण्याचा. त्याला राज्यशास्त्रात एम.ए. लागतं, त्यात किमान ५५ टक्के गुण आणि वर नेट किंवा सेट परीक्षा. राखीव प्रवर्गांना गुणांत सवलत आहे. एवढं करूनही अनेकांना वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास शिकवाल तितके पैसे, असं काम करावं लागतं.

तिसरा दरवाजा वकिलीचा. कोणत्याही पदवीनंतर तीन वर्षांचं एलएल.बी. करता येतं. त्याला राज्याची सीईटी द्यावी लागते. राज्यशास्त्राच्या मुलींना घटनेची ओळख आधीच असल्यानं हा अभ्यास जवळचा वाटतो. मात्र सनद मिळाली की लगेच पैसा सुरू होतो असं नाही. सुरुवातीची काही वर्षं मोठ्या वकिलाच्या हाताखाली थोडक्या पैशांत काढावी लागतात.

चौथा दरवाजा समाजकार्याचा. पदवीनंतर दोन वर्षांचं एम.एस.डब्ल्यू. केलं तर संस्थांमध्ये, रुग्णालयांमध्ये आणि सरकारी प्रकल्पांवर कामं मिळतात. त्यातली बरीचशी कंत्राटी असतात.

पाचवा दरवाजा सगळ्यांना आधी दिसतो. तो म्हणजे स्पर्धा परीक्षांचा. त्याबद्दल थोडं पुढे सविस्तर बोलू.

आणि यातलं काहीच न करता नुसत्या पदवीवर? तर तालुक्याच्या गावी पतसंस्थेत, दवाखान्याच्या नोंदणीवर, दुकानाच्या हिशेबाला, खासगी शाळेत किंवा सेवा केंद्रात कामं मिळतात. तिथं राज्यशास्त्र आहे की इतिहास, हे कुणी विचारत नाही. टायपिंग येतं का, संगणकावर मराठी लिहिता येतं का, हिशेब जमतो का, हे विचारतात. म्हणून बी.ए.च्या तीन वर्षांत टायपिंग आणि एमएस-सीआयटी करून घेणं हा सगळ्यात स्वस्त आणि कामाचा खर्च आहे.

पगार किती मिळतो, हे आम्ही सांगण्यापेक्षा तुम्हीच शोधा. आमच्या गटांमध्ये एक पद्धत आहे. पोरगी ज्या कॉलेजात जाणार आहे, तिथून तीन वर्षांपूर्वी याच विषयात पास झालेल्या पाच मुली शोधायच्या. आता त्या काय करतात, महिन्याला किती कमावतात, काम मिळायला किती दिवस लागले आणि कर्ज होतं का, हे चार प्रश्न विचारायचे. माहितीपत्रकावर पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो असतो. आपल्याला मधल्या मुलींचं काय झालं ते हवं असतं. आज आपण हिशेबापुरता पहिला पगार १०,००० रुपये धरू. तुमच्या भागात जो खरा असेल, तो त्या जागी घाला.

खर्च : एकच पदवी, तीन वाटा

आता खर्चाकडे येऊ. खाली दिलेले आकडे उदाहरणासाठी आहेत. तुमच्या कॉलेजचे आकडे विचारून घ्या, पण मांडणी हीच ठेवा.

पहिली वाट, घरून ये-जा करून जवळच्या अनुदानित कॉलेजात शिकायचं. समजा, फी आणि परीक्षा शुल्क ६,०००, एसटीचा पास ६,०००, पुस्तकं-वह्या आणि मोबाइलचं रिचार्ज ५,०००, इतर ३,०००. वर्षाचे झाले २०,००० आणि तीन वर्षांचे ६०,०००. एसटीत विद्यार्थ्यांच्या मासिक पासला दोन तृतीयांश सवलत असते. ती घेतली पाहिजे.

दुसरी वाट, शहरात राहून शिकायचं. राहणं आणि जेवण महिन्याला ७,५०० धरले, तर दहा महिन्यांचे ७५,०००. फी, पुस्तकं आणि येणंजाणं यांचे २५,०००. वर्षाला एक लाख आणि तीन वर्षांचे तीन लाख. विद्यापीठ तेच, विषय तोच आणि पदवीचा कागदही तोच. वाढला तो राहण्याचा खर्च. विनाअनुदानित किंवा खासगी विद्यापीठात गेलात, तर फीच आणखी कितीतरी वाढते.

तिसरी वाट मुक्त विद्यापीठाची. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९पासून आहे. घरी राहून, काम करून बी.ए. करता येतं. ही पदवी सरकारी परीक्षांना चालते. ज्या सख्यांचं शिक्षण लग्नानं अर्धवट राहिलं, त्यांच्यासाठीही ही वाट उघडी आहे.

यात एक खर्च आपण लिहायला विसरतो. तो म्हणजे बुडालेली मजुरी. पोरगी कामाला गेली असती तर रोज ३०० रुपयांनी वर्षाचे १५० दिवस भरले असते असं धरू. ते झाले ४५,०००. तीन वर्षांत १,३५,०००. हा आकडाही लिहा. पण तो लिहून "मग शिकवायचंच कशाला" असं म्हणू नका. मजुरीचा दर वीस वर्षांनीही मजुरीचाच राहतो. हा आकडा एवढ्यासाठी लिहायचा की, घरून शिकणारी पोरगी सुट्टीत हातभार लावू शकते, शहरात राहणारी तेवढा लावू शकत नाही. म्हणजे दोन वाटांमधला फरक दिसतो त्याहून मोठा आहे.

कर्जाआधी काय काय विचारायचं?

कर्जाचा अर्ज लिहिण्याआधी शिष्यवृत्तीचा अर्ज लिहायचा, हा आमचा पहिला आग्रह. राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग आणि खुल्या गटातल्या कमी उत्पन्नाच्या घरांसाठी वेगवेगळ्या योजना आहेत. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, गुणपत्रक आणि आधार जोडलेलं बँक खातं लागतं. दाखल्यांना वेळ लागतो, म्हणून ते निकालाची वाट न पाहता काढून ठेवा. आणि अर्ज दरवर्षी नव्यानं भरावा लागतो, हे लक्षात ठेवा. दुसऱ्या वर्षी अर्ज राहून गेला म्हणून पैसे आले नाहीत, असं पुष्कळ घरांत होतं.

दुसरं, सरकारी वसतिगृह. समाजकल्याण आणि आदिवासी विभागांची मुलींची वसतिगृहं आहेत. तिथं जागा मिळाली तर दुसऱ्या वाटेचा सगळ्यात मोठा खर्चच संपतो.

तिसरं, कॉलेजची कमवा आणि शिका योजना. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि कष्ट करून शिकायची वाट गरिबांच्या मुलांना दाखवली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांना जेवू घालण्यासाठी अंगावरचं सोनं मोडलं. त्या माउलीनं सोनं मोडलं, ते आपल्या लेकींना ते मोडावं लागू नये म्हणून, असं आम्हाला वाटतं. ग्रंथालयात, कार्यालयात किंवा बागेत रोज दोन-तीन तास काम केलं तर मुलीचा वरखर्च निघतो. प्रवेश घेतानाच ही योजना कॉलेजात आहे का, हे विचारा.

आणि एक सोपा हिशेब. आईला लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० मिळत असतील, तर वर्षाचे १८,००० होतात. पहिल्या वाटेचा जवळजवळ सगळा खर्च त्यात निघतो. मात्र अशा पैशांवर चालू वर्षाची फी भरावी, त्याच्या भरवशावर दहा वर्षांचं कर्ज काढू नये. योजनेचे नियम बदलू शकतात, बँकेचा हप्ता बदलत नाही.

हप्ता नाही म्हणजे व्याज नाही, असं नसतं

एवढं करूनही पैसे कमी पडले तर? तर शैक्षणिक कर्ज. बी.ए.लाही ते मागता येतं. ठरलेल्या नियमांप्रमाणे साडेसात लाखांपर्यंत सरकारी पतहमीमुळे तारण लागत नाही, पण आई किंवा वडील सहकर्जदार असतात. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. काही सरकारी बँका मुलींना व्याजात अर्धा टक्का सूट देतात.

इथंच घोटाळा होतो. हप्ता नाही म्हणजे व्याजही नाही, असं पुष्कळ जण समजतात. व्याज पैसे उचलल्या दिवसापासून चालू होतं. शिक्षणाच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं अशी एक योजना आहे, पण ती व्यावसायिक आणि तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी आहे. साध्या बी.ए.ला ती मिळेल असं धरून चालू नका.

आता आकडे लिहा. दुसऱ्या वाटेनं गेलो आणि दरवर्षी एक लाख उचलले. व्याज १० टक्के धरू. पहिल्या लाखावर चार वर्षांचं व्याज ४०,०००, दुसऱ्यावर तीन वर्षांचं ३०,०००, तिसऱ्यावर दोन वर्षांचं २०,०००. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशीच देणं झालं ३,९०,०००.

हे सात वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता येतो सुमारे ६,४७५ रुपये. पहिला पगार १०,००० असेल तर हातात उरतात साडेतीन हजार. त्यात गाडीभाडं, जेवण आणि घरी द्यायचे पैसे. सात वर्षांत एकूण जातात सुमारे ५,४४,०००. हप्ता कमी हवा म्हणून दहा वर्षं घेतली, तर हप्ता होतो सुमारे ५,१५५, पण एकूण जातात ६ लाख १८ हजारांच्या आसपास. उचलले तीन लाख, फेडले सहा लाख.

आणि मुलगी हप्ता भरू शकली नाही तर सहकर्जदार म्हणून बोजा आई-बापावर येतो. त्यांचं सिबिल बिघडतं. मग पीककर्ज मागायला गेलं की बँकेत नकार मिळतो. म्हणजे पोरीच्या पदवीचं कर्ज बापाच्या पेरणीपर्यंत पोचतं. मधेच तिचं लग्न झालं तर हप्ता माहेरनं भरायचा की सासरनं, यावरून कटकटी होतात. त्याचं बोलणं लग्नाआधीच झालेलं बरं.

पाचव्या हिश्श्याचा नियम

किती कर्ज झेपेल? आम्ही एक सोपा नियम धरतो. पहिल्या पगाराच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा हप्ता मोठा नको. १०,००० पगार तर हप्ता २,०००. पाच वर्षं दरमहा २,००० भरले तर १० टक्के व्याजानं सुमारे ९४,००० चं देणं फिटतं. त्यातून शिकतानाचं व्याज वजा केलं, तर तीन वर्षांत मिळून उचलायचे राहतात सत्तर-बहात्तर हजार.

हा आकडा पुन्हा बघा. सत्तर-बहात्तर हजार. पहिल्या वाटेचा तीन वर्षांचा खर्च आहे साठ हजार. म्हणजे घरून शिकायची पदवी या पगाराला पेलते, शहरातली पेलत नाही. विषय चांगला की वाईट, हा वादच इथं नाही. कुठल्या वाटेनं जायचं, एवढाच प्रश्न आहे.

साठ हजारही एकदम लागत नाहीत. जूनमध्ये दहा, डिसेंबरमध्ये पाच, असे लागतात. त्याला आपला गट पुरतो. समजा गटातून २०,००० घेतले, शेकडा दोन रुपये महिना व्याजानं, आणि दरमहा २,००० मुद्दल फेडलं. दहा महिन्यांत व्याज होतं २,२००. तेही गटातच राहतं. हेच २०,००० सावकाराकडून शेकडा पाचनं घेतले आणि नुसतं व्याज भरत गेलात, तर दहा महिन्यांत १०,००० जातात आणि मुद्दल जागच्या जागी. परवाना नसलेल्या सावकाराकडून तर शिक्षणासाठीसुद्धा पैसे घेऊ नका.

स्पर्धा परीक्षेचं न लिहिलेलं कर्ज

आता तो पाचवा दरवाजा. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांची वेतनश्रेणी २५,५०० पासून सुरू होते. राज्यसेवा त्याहून वर. त्यामुळे ओढ वाटणं साहजिक आहे. राज्यशास्त्राचा फायदाही होतो, कारण राज्यघटना आणि प्रशासन अभ्यासक्रमात असतं. पण पदवी मात्र कोणतीही चालते, राज्यशास्त्राचीच हवी अशी अट नाही.

२०२३च्या तलाठी भरतीत जागा साडेचार हजारांच्या आसपास होत्या आणि अर्ज आले दहा लाखांवर. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून जास्त. ती परीक्षा देऊच नये, असं आम्ही म्हणत नाही. आमच्यातल्याच घरांतल्या मुली पास होतात. पण एका जागेसाठी दोनशे जण असताना सगळं घर त्या एका जागेवर लावायचं नसतं.

खरा खर्च पदवीनंतर चालू होतो. पुण्यात खोली, मेस, अभ्यासिका, क्लास. महिन्याला १०,००० धरले तरी वर्षाचे १,२०,००० आणि तीन वर्षांचे ३,६०,०००. हे कुठल्याच बँकेच्या कागदावर नसतं. थोडं गटातून, थोडं सोनेतारणातून, थोडं मामाकडून, असं ते घरभर पसरलेलं असतं. म्हणून ते कर्ज वाटतच नाही. वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गाला ४३ आहे. त्यामुळे "अजून एक प्रयत्न" म्हणत वर्षं निघून जातात.

यावर उपाय एकच. घरातून निघतानाच तीन गोष्टी कागदावर लिहायच्या. किती वर्षं, किती रुपये आणि नाही जमलं तर काय. "दोन वर्षं, दीड लाख, नाही तर बी.एड." असं. पोरीनं सही करायची, आई-बापानंही करायची. त्यानं पोरीवर अविश्वास दाखवला असं होत नाही. उलट तिला हरल्यासारखं न वाटता परत येता येतं, कारण परतीची वाट आधीच ठरलेली असते. आणि तालुक्याच्या गावी अभ्यासिका असेल, तर पहिलं वर्ष तिथंच काढून बघावं.

लग्नाचा हिशेब कुणी मागत नाही

आता एक कडू गोष्ट. ज्या घरात पोरीच्या वीस हजारांच्या कॉलेजला "यातून काय मिळणार" असं विचारतात, त्याच घरात तिच्या लग्नाला तीन लाखांचं कर्ज निघतं. तेव्हा कुणी विचारत नाही, यातून काय मिळणार. मुलाला पुण्याला पाठवताना शेत गहाण पडतं आणि मुलीला जवळच्या कॉलेजचा पासही जड वाटतो. हिशेब मांडायचा तर सगळ्यांचा मांडा. मुलाचा, मुलीचा, शिक्षणाचा आणि लग्नाचा. लग्नाचे पैसे चार दिवसांत संपतात. पदवीचा कागद मुलीच्या नावावर राहतो. तो कुणाला गहाण टाकता येत नाही, आणि संसारात वाईट दिवस आले तर तोच तिच्या उपयोगी पडतो.

मधेच थांबावं लागलं तरी सगळं वाया जात नाही. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन थांबायची आणि पुन्हा येऊन पुढं शिकायची सोय आहे. त्याचे नियम कॉलेजात विचारून घ्या. सासरी जाणाऱ्या पोरीला ते माहीत असलं पाहिजे.

गटानं काय करायचं?

पुढच्या बैठकीत एक तास यासाठी ठेवा. ज्यांच्या घरी बारावीची मुलं-मुली आहेत, त्यांनी त्यांना बरोबर घेऊन यायचं. एका पानावर या गोष्टी लिहायच्या :

१. कॉलेज अनुदानित आहे का? सगळं धरून वर्षाचा खर्च किती?

२. शिष्यवृत्ती, वसतिगृह, कमवा आणि शिका यांतून किती कमी होईल?

३. त्याच कॉलेजातून पास झालेल्या पाच मुली आज काय करतात, किती कमावतात?

४. पदवीनंतर कोणता दरवाजा? त्याला आणखी किती वर्षं आणि किती पैसे?

५. कर्ज घेतलं तर पहिला हप्ता कधी आणि किती? पहिल्या पगाराच्या पाचव्या हिश्श्यात बसतो का?

६. नाही जमलं तर काय?

सहाही उत्तरं लिहून झाली की निर्णय बहुतेक आपोआप समोर येतो. मुलीला समोर बसवूनच लिहा. तिच्या डोक्यावरचं कर्ज तिला ठाऊक हवं आणि तिच्यासाठी घर काय सोसतंय, हेही. ज्या गटांची बचत बरी आहे, त्यांनी शिक्षणासाठी वेगळं खातं ठेवून कमी व्याजानं, जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये कर्ज द्यायचा ठराव करावा. ठराव वहीत लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या.

राज्यशास्त्र शिकणाऱ्या पोरीला अंदाजपत्रक म्हणजे काय ते शिकवतात. सरकारनं जमा किती, खर्च किती, कर्ज किती, हे दरवर्षी सभागृहात मांडायचं असतं आणि लोकांनी त्यावर प्रश्न विचारायचे असतात. आपल्या घराचं अंदाजपत्रक आपण मांडायचं आणि त्यावर प्रश्न विचारायचा अधिकार त्या पोरीला द्यायचा. तिच्या शिक्षणाची सुरुवात तिथूनच होऊ द्या. हिशेब लिहून झाला आणि काही अडलं, तर तो कागद घेऊन आपापल्या ग्रामसंघाच्या बैठकीला या. आम्ही तिथं असतो. एकत्र बसून पाहू.